बटणावरची मूठ

खंडू : आन् फोटोतली ही मूठ तेवढी घासून काढतो, वहिनी. मग फ्रेम तुमच्या हातात.

सीमा : थांबा. कुणाची मूठ?

खंडू : ह्ये बघा, शर्टाच्या बटणावर. दर खेपंला काढायची राह्यली. आता फ्रेम मोठी, दिसंल ती.

सीमा : खंडूभाऊ, सुजाताची मूठ आहे ती. ह्यांनी तिला पहिल्यांदा कडेवर घेतलं होतं, तेव्हाचा फोटो हा.

खंडू : व्हय की. माझ्याच हातचा. ह्याच स्टुडिओत.

सीमा : मग ह्यात ती कुठंय?

खंडू : 'हरवले आहेत'ची पहिली जाहिरात दिली, तवा तुमचा दीर म्हणला, माणूस एकटा पायजे. मी पोरगी पुसली, मागं निळं टाकलं.

सीमा : पुसलेला फोटो दुसऱ्या नावानं ठेवायचा ना.

खंडू : त्याच नावावर सेव्ह मारायची सवय पडलीय. कम्प्युटरात जागा कुठं हाय एवढी? मग दर साली तुम्ही जाहिरातीला आला की तीच फाईल उघडायची, तोंड जरा उजळ करायचं, पुन्हा सेव्ह.

सीमा : म्हणून चेहऱ्यावर असे चौकोन उठलेत. जेपीजी आहे ती. दर सेव्हला थोडी झिजते.

खंडू : मूळ फोटो तुमच्याकडं आसंल की. तो आणा, पुन्हा स्कॅन मारू.

सीमा : ह्यांच्या पाकिटात होता. दौंडला जाऊन येतो म्हणून निघाले, पाकीट बरोबरच गेलं. निगेटिव्ह?

खंडू : सादळली. गेल्या पावसाळ्यात टाकून दिली.

सीमा : म्हणजे बापलेकीचं एवढंच उरलं. एक काम करा. आहे तशी पीएनजी करून सीडीवर द्या. मूठ राहू दे.

खंडू : त्यानं पोरगी परत यायची न्हाई हां. पुसलेलं पुसलं.

सीमा : माहितीये. पण इथून पुढं काही जाणार नाही. कितीदा उघडा, सेव्ह करा, आहे तसंच राहतं.

खंडू : पर तुमचा दीर सुमित सकाळी सांगून गेलाय, फ्रेम झाली की जुनी फाईल उडीव. म्हणला, फाईल राह्यली तर वहिनी परत जाहिरातीला येत्यात.

सीमा : फ्रेमवर नावाआधी कालकथित, म्हणजे गेलेला, असं लिहिलं, की संपलं. मग कोण शोधतंय?

खंडू : उद्या पुण्यानुमोदन म्हंजी. आमंत्रणं गेली समद्यांना.

सीमा : मला शेवटी कळलं. सासूबाई म्हणाल्या, किती वर्षं दाराकडं बघायचं? पोरगी शाळेत जायला लागली, बापाचं काय सांगायचं ते एकदाचं ठरू दे. मी विचारलं, त्यांना गेलेलं कुणी पाहिलंय का? तर उठून आत गेल्या. सुजाता मला विचारते, फ्रेम आणली की पप्पा फ्रेममध्येच राहणार का?

(बाहेर मोटरसायकलचा हॉर्न.)

सीमा : भाऊजी आले. करा लवकर.

खंडू : करतो. पर माझं नाव निघाया नको.

(खंडू सीडी भरतो, प्रिंट फ्रेममध्ये बसवून टेबलावर ठेवतो. सुमित आत येतो.)

सुमित : झालं का न्हाई? वहिनींना निमोण्याला घरी सोडून मला सेकंड शिफ्टला पोचायचंय.

खंडू : झालंच. फ्रेम त्या टेबलावर हाय.

सुमित : ह्यावर मूठ तशीच हाय की रं.

सीमा : मीच राहू दिली.

सुमित : बरं. नाव चांगलं आलंय, कालकथित सम्राट. आन् जुनी फाईल?

खंडू : उडवली.

सुमित : ब्येस. वहिनी, राग मानू नका. माझाबी भाऊच व्हता. पर दौंडच्या फलाटावर किती हिंडायचं फोटो घिऊन? हमालबी आता तोंड फिरवत्यात.

सीमा : तुम्ही पुष्कळ हिंडलात, भाऊजी.

सुमित : फ्रेम तुम्हीच धरा, मांडीवर. गाडी मला चालवायचीय. काच हाय, संभाळून.

सीमा : द्या.

सुमित : मी किक मारतो. या.

खंडू : वहिनी, ही घ्या सीडी, पदराखाली ठेवा. थांबा, वर पेनानं नाव टाकतो. फ्रेमवरचंच टाकू का?

सीमा : नुसतं 'सुजाताचे पप्पा' लिहा. त्याआधी काही लावू नका.