खांद्यावरची उडी

(मोहने. मैदानालगतच्या शाळेचा वर्ग, आज पैलवानांची कपडे बदलायची खोली. आनंदा आणि त्याच्याहून लहान संदेश, ठरवून खेळल्या जाणाऱ्या कुस्तीतली जुनी जोडी.)

आनंदा : आज खांद्यावरची उडी नाय, असं शो लावणारा रवींद्रशेठ बोलला. कोणी काढली विचारलं, तर बोलतो संदेशला विचार. म्हणून विचारतोय.

संदेश : दादा, बूट घाल ना आधी.

आनंदा : घालतो. तू बोल. लोकं त्या एका उडीसाठी येतात रे. मी तुझे पाय धरून खाली उभा, तू माझ्या खांद्यावरून थेट समोरच्यावर. ती काढली तर आपण काय नुसती ढकलाढकली करायची?

संदेश : एक दिवस नाही केली तर काय बिघडतं.

आनंदा : एक दिवस? शहाडच्या जिममध्ये तू हीच उडी त्या राकेश पैलवानाच्या खांद्यावरून मारत होतास. माझ्या मेहुण्याने बघितलं.

संदेश : हो. मारत होतो.

आनंदा : बघ. मला वाटलेलं, निदान नाय तरी बोलशील. पोस्टरवर तुझा फोटो पुढे आणि मी मागे अर्धा कापलेला, तेव्हाच डोक्यात आलेलं. बायको पण बोलली, हा पोरगा हल्ली नजर चुकवतो. तिलाच गप केलं मी. बोललो, संदेश तसला नाय. नवीन जोडी लावायची होती तर तोंडावर सांगायचं.

संदेश : दादा, बदलापूरची फाइट आठवते?

आनंदा : आठवते की. काय पडलेलास तू. पाठ धरून लोळतोय, डोळ्यांत पाणी. मी कानाशी येऊन बोललो पण तुला, एक नंबर, असंच चालू ठेव.

संदेश : ती ॲक्टिंग नव्हती.

आनंदा : काय बोलतोस?

संदेश : तुझा डावा हात सुटला. मी उडी मारलीच नाही, पडलो. घरी सांगितलं, बाइक स्लिप झाली.

आनंदा : खोटं. मी तुला कधीच सोडलं नाय. तूच घाई केली असशील.

संदेश : माझा पाय धर. डाव्या हाताने. जोरात.

आनंदा : धरलाय की.

संदेश : अजून जोरात, दादा.

आनंदा : धरलाय रे, एवढाच जोर...

संदेश : बघ. सहज ओढला, तर निघाला.

आनंदा : घाम आलाय हाताला.

संदेश : आत्ताच पावडर लावलीस तू.

आनंदा : मला का नाय सांगितलंस?

संदेश : कसं सांगू? शेठच्या कानावर गेलं तर तो तुला परत बोलावणार नाही. त्याला सांगितलं, माझा गुडघा दुखतो, आज उडी नको.

आनंदा : आणि राकेश?

संदेश : पुढच्या ठाण्याच्या शोला शेठला उडी पाहिजेच. मला तुझ्या खांद्यावर चढायची भीती वाटते, दादा. खूप वाटते.

आनंदा : राकेश बाहेर आहे?

संदेश : आहे. पण त्याच्यावर राग नको काढूस. त्याची काही चूक नाही.

आनंदा : बोलव त्याला. उडताना तू डावा पाय आधी सोडतोस, ते त्याला ठाऊक पाहिजे.