सव्वाशे पौंड हवा

मोठ्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. पण एकदा फारसं न बोलताच काम झालं, ते ऐका.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची पहिली सुगी. होटगी रोडवरच्या आमच्या पंक्चरच्या दुकानात ज्वारीच्या पोत्यांनी शिगोशीग भरलेला ट्रक आला. मागची चाकं पार दबलेली. मी मीटर लावून बघितला. हवा बरोबर होती, पोतीच जास्त होती.

"शेठ, दहा पोती उतरवा," मी कसंबसं म्हणालो.

पोत्यांचे मालक तावातावानं केबिनमधून उतरले. "पोती कशाला? तू हवा वाढव की! सव्वाशे पौंड मार!"

"टायर फुटंल."

"काय हुत न्हाय! लई मजबूत हाय."

मी कॉम्प्रेसर चालू केला, पाइप शेठच्या हातात दिला आणि रस्त्यापलीकडच्या लिंबाआड जाऊन उभा राहिलो. तिथं ट्रकचे ड्रायव्हर अण्णा आधीच येऊन थांबले होते.

शेठ ओरडले, "आरं, तुमी दोघं तिकडं कुटं?"

अण्णा म्हणाले, "मारा की हवा, शेठ. आमी हितनं बघतो."

शेठनी टायरकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि पाइप हळूच खाली ठेवला.

"दहाच म्हणालास, का पंधरा उतरवू?"