ती उठते

माहं माहेर बेज्जूरकडचं, प्राणहितेच्या अलीकडं. नदीपल्याड महाराष्ट्र न् अलीकडं आमी, बोलनं दोन्हीकडं एकच. बाप कपाशी न् ज्वारी करे, आमी चौघी बहिनी, आन पिच्चर म्हनजे काय ते मले लगन होईपर्यंत मालूमच नोतं. लगन होऊन बेल्लमपल्लीले आली, कोळशाच्या खानीचं गाव, भोंगा वाजला की अर्धं गाव घरी आन अर्धं खाली जमिनीत. आमचे हे खानीत नोते, टाकीजमध्ये मशीन चालवत, ऑपरेटर म्हनत त्यायले. शेठनं मले बायाइच्या दाराले उभी केली. तिकीट फाडायचं, अंधारात ब्याटरी दाखवून जागेवर बसवायचं, लेकरू रडलं तं मायसकट बाहेर काढायचं. तेलुगू बाया मले गेट अक्का म्हनत. टाकीज बंद पडली तरी अजूनबी बाजारात कोनी तसंच हाक मारते.

तुमी माह्या लेकीच्या शाळेतल्या, तिच्या शेजारच्या वर्गावर शिकवता, म्हनून तुमाले बोलावलं बाई. चहा घ्या आधी. थंडा होऊन राह्यला.

तं तो पिच्चर. नाव नाई घेत मी त्याचं, तोंड कडू होते. दर श्रावनात याचा. हिंदी पिच्चर, पन हिंदी येवो न येवो, बायाइले सगळं समजे. नवरा चोरी करते, बायको म्हनते मी केली, आन जेलात जाते. सुटून येते तं घरात दुसरी बसली. मंग नवरा दुखन्यात पडते, दुसरी पळून जाते, आन हीच त्याले रगत देते, एकदा नाई, तीनदा, शेवटी रगत देऊन पायी पायी घरी येते आन उंबऱ्यात पडते. खतम. बत्त्या लागायच्या, आन सगळ्या बाया पदर तोंडाशी धरून बसलेल्या. मी कितीदा पाह्यला त्याचा हिसाबच नाई, तरी मलेबी रडू याचं, खोटं काऊन सांगू.

मंगळवारी सकाळी नुसता बायाइचा खेळ राहे. आन आमच्याकडं एक रीतच पडली होती, कोनी पाडली देव जाने. खेड्याखेड्यातल्या सासवा नव्या सुनाइले घेऊन याच्या, बसनं, रेल्वेनं, बैलबंडीनं. पिच्चर सुटला की टाकीजच्या पायऱ्याइवरच सुनेची ओटी भरायची, तांदूळ, खन, नारळ. आन म्हनायचं, पाह्यलं ना माय, अशी राह्य. सून मान हलवे. ते झाल्याबिगर सून घरची झाली असं कोनी मानत नसे. शेठ तं श्रावनात पायऱ्या धुवून ठेवायले लावे.

एक सासू सांगतो तुमाले. गाव नाई सांगत. पहिल्या वर्सी तिनं सून आनली, हनुवटीवर तीळ, पदरात मुरमुरे, आन रडायच्या जागी फिसकन हसे. सासूनं तिले चिमटा काढला, मी ब्याटरीच्या उजेडात पाह्यलं. दुसऱ्या वर्सी तीच सासू आली, सून दुसरी. मी इचारलं, पहिली कुठं हो? तिले झेपलं नाई, म्हने, आंगच नाजूक होतं. बस, एवढंच. तिसऱ्या वर्सी तिसरी सून. आन बाई, आंगावर लुगडं तेच पिवळं, पहिलीच्या आंगावर होतं तेच. पन मांगं रांग होती, आन मी तिकीट फाडलं. तिले जागेवर नेऊन बसवलं. चांगली समोरची जागा देली. सुटल्यावर पायऱ्याइवर ओटी भरली, तिनं मान हलवली, आन मी दाराआडून पाहत राह्यली. चौथ्या वर्सी ते कोनीच आले नाई.

आता जे सांगतो ते मी कोनाले सांगलं नाई.

त्या पिच्चरच्या रिळाचे चवदा डबे राहत. आमी दाखवत होतो तेरा.

मी नवी नवरी होती तेव्हा तो पिच्चर पहिल्यांदा आला आन पहिल्या खेळाले चवदाबी डबे लागले. मी दाराले उभी होती, मी पाह्यलं. उंबऱ्यात पडल्यावर ती उठते बाई. ती मरतच नाई. मातीचा हात पदराले पुसते, उठते, आन खाटेवरच्या नवऱ्याले इचारते, माह्या जागी तुमी असते तं काय केलं असतं? तो खाली मान घालते. ती थोडा वेळ थांबते, चांगली थांबते, मंग चपला पायात घालते आन चालली जाते. मोकळं दार दिसत राहते परद्यावर, बस.

त्या दिवशी बाया रडल्याच नाई. ओटीची रीत तं अजून पडलीच नोती. आन सासवा शेठच्या अंगावर धावून गेल्या, आमच्या सुनाइले हे दाखवायले आनलं का आमी? शेठनं ह्यायले बोलावलं, म्हने, ती पडली की बत्त्या लावून टाक. मंग ह्यायनं तसंच केलं, दर साल, चवदावा डबा जसा याचा तसाच वापस जायचा. घरी मी ह्यायले म्हनलं, हे बरं नाई. हे म्हनले, सुमन, आपलं पोट ह्या टाकीजवर हाय, तू बोलू नको. मी नाई बोलली. पहिल्यांदा जड गेलं. मंग मलेच वाटायले लागलं का ती मरतेच, ते उठनं मी सपनात पाह्यलं असंन.

आन माह्या लेकीले, कवितेले, बारा वर्साची असतानी मीच हात धरून नेलं. मीच म्हनलं, पाह्यलं ना, अशी राह्य. तिनं मान हलवली, मोठ्या मोठ्या डोळ्याइनं. आज ती इंद्रवेल्लीले मास्तरीन हाय, शंभर लेकराइले शिकवते, पन ते तेरा डबे तिच्या आंगात मुरले, ते मी मुरवले.

तुमाले मालूमच हाय, जावयाच्या दोन्ही किडन्या गेल्या. हैदराबादच्या डाक्टरनं सांगलं, घरातल्या कोनाची तरी लागंन. दोन भाऊ हायत त्याले, बैलासारखे, एकाचंबी रगत तपासलं नाई. कवितेची सासू म्हने, त्यायले बायकापोरं हायत. मंग कवितेले काय नाई? तिनं आपनहून सांगलं, मी देतो. डाक्टरनं तिले एकटीले बसवून इचारलं, जबरदस्ती तं नाई? ती म्हने नाई. खरंच नाई बाई, जबरदस्ती नाईच. तेच तं भेव हाय. खुशीनं देनाऱ्याले मी अडवत नाई, पन घरच्या कोनी हिले इचारलंच नाई आन हिनंबी कोनाले इचारलं नाई.

गेल्या आठवड्यात मी तिच्या घरी गेली. जावयाले म्हनलं, बापू, कवितेच्या किडन्या गेल्या असत्या तं तुमी काय केलं असतं? त्यानं खाली मान घातली. मोबाईलकडं पाहत राह्यला. आन तितक्यात सासू बाहेर आली, हातात सूप, तांदूळ, खन, नारळ. म्हने, दवाखान्यात जायच्या आधी सुनेची ओटी भरून घेतो. कवितेनं पदर पसरला. माहीच लेक, पायऱ्याइवर बसल्यासारखी बसली.

मी तिले आत नेऊन सगळं सांगलं, चवदावा डबा, उठनं, इचारनं, सगळं. तिनं ऐकून घेतलं आन हसली. म्हने, आई, तू माह्यासाठी भेवून हे आता बनवून राह्यली. मोबाईलवर पाह्य म्हनलं, तं तो पिच्चरच मोबाईलवर नाई. टाकीज मोडली त्या साली चवदावा डबा वापस गेलाच नाई, ह्यायनं तो घरी आनून खाटेखाली सारला होता. हे गेले, डबा राह्यला. काल उघडला. आत सगळं एकमेकाले चिकटून गोळा झालं, शिरक्यासारखा आंबट वास, बोट लावलं तं चुरा होते. माह्या तोंडाशिवाय पुरावा उरला नाई, आन माह्या तोंडानं तं मी तिले दुसरंच शिकवलं.

परवाच्या गाडीनं ते हैदराबादले जातीन, जायच्या आधी इथंच जेवतीन. तुमचं ती मानते, लिहिलेलं तं अजूनच मानते, मास्तरीन हाय ना. मी सांगलं ते सगळं तुमी लिहून घ्या न् उद्या शाळेत तिले वाचून दाखवा. देऊ नको म्हनून नका सांगू, मीबी नाई सांगत. देवाच्या मनात असंन तसं होवो, माह्या लेकीले सुखी ठेवो, जावयालेबी ठेवो. पन तिनं त्याले एकदा इचारावं आन तो बोलेपर्यंत थांबावं, तेवढंच. आन बाकीचं वाचायले टाईम नसला तं नसो, सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, ती उठते, एवढं लिहा.