हरीओम पाण्यात हाये

— नाई नाई, हाका नका मारू भाऊ. तो पाण्याखाली हाये, त्याले आयकू जात नाही. बसा तुमी. त्या दगडावर नका बसू, चटका बसन — इकडं या, बाभळीच्या सावलीत. पण दोरी ओलांडू नका! मागून या, माह्या मागून. हं. ही निळी दोरी पाह्यली न? या टोकाले मी, अन् त्या टोकाले माहा नवरा, हरीओम. तो थर्माकोलचा ताफा दिसून राह्यला न, खाटेएवढा, जथी पाणी उन्हानं चिलकून राह्यलं तथी — त्याच्या पलीकडच्या अंगानं तो दम घ्याले वर येते, म्हणून इकडून त्याचं डोकं दिसत नाही. जाळं अडकलं खाली. दरसाल चैत लागला का हाच तमाशा — पाणी खाली उतरते, अन् तलावात बुडालेल्या झाडायचे खुंट जाळं धरून बसतात. मंग बुडी मारून सोडवा लागते. एक झटका आला का समजाचं, ठीक हाये. लागोपाठ दोन आले का ओढाचं. अन् बराच वेळ काहीच नाही आलं, तरी ओढाचं. — आला. पाह्यलं? ठीक हाये तो.

तुमी कोण ते मले समजलं. रत्नागिरीकडचे बोटवाले न? मेडशीच्या स्टँडवर तुमचा चहा पिऊन व्हाच्या आधी खबर इथं आली होती, का कोणी हरीओम भोयाचं घर इचारून राह्यला म्हणून. खलाशी पाहिजे तुमाले — होळीले घरी गेलेले पोट्टे वापस आले नाहीत, अन् पावसाळ्यात बोटी बंद व्हाच्या आधी हाच काय तो महिना-दीड महिना राह्यला. बरोबर? मंग आता माहं आयका. तो येत नाही. झालं. घरी असतो तर चहा पाजला असता, पण आता हातात दोरी हाये. मेडशीची जीप तिकडं वडाखाली लागते.

उठले नाही तुमी.

काहून म्हणजे? माय हाये त्याची घरी. कस्तुराबाई. तिले डोळ्यानं दिसत नाही, तिले टाकून कसा येईन तो? — अं? भेटले तुमी तिले? तांदूळ निवडत होती? बरं — जवळचं दिसते तिले. दूरचं नाही दिसत. — तिनंच तलाव दाखवला? बोट करून? ... बुढीले नसत्या वक्ती दिसते पाहा. बरं, मायचं राहू द्या. आमचा बी हंगाम हाच हाये न भाऊ! पाणी आटलं का सारा मासा तलावाच्या भिंतीपाशी या डोहात जमा होते — रोहू, कटला, एखाद्या वक्ती हाताएवढी मरळ — सारे भोई इथंच जाळं टाकतात, अन् कोणाचंही जाळं अडकलं का बोलवा हरीओमले. त्याच्यासारखी बुडी मारणारा तुमाले मालेगाव तालुक्यात नाही भेटणार. डोळे झाकून गाठ सोडवते तो, अन् दम तर असा का काठावरच्या माणसाचा जीव जाईन पण हा वर येणार नाही — आता हे मी तुमाले कायले सांगून राह्यली? तुमी तर त्याच्याचसाठी आले. — आला झटका. आज लय देऊन राह्यला. वारं सुटलं, जरा गार वाटत असन त्याले.

खारं पाणी त्याले सोसत नाही. — नाही, पाह्यला नाही त्यानं समुद्र. मी बी नाही पाह्यला. समुद्राचा मासा पाह्यला मी रिसोडच्या बाजारात, बरफात निजवलेला, डोळे पांढरे. घेणारे घेतात बाप्पा. आमचा मासा पाटीत उड्या मारते, गिऱ्हाइकाच्या धोतरावर पाणी उडवते, तवा लोक भाव करतात. अन् तुमच्या तथी म्हणे काठच दिसत नाही — बोट आत गेली का पाच-पाच, सहा-सहा रोज आतच. राती बी पाणी, दिवसा बी पाणी, जिकडं पाहा तिकडं चिलकणारं पाणी. मंग तथी दोरी कोण धरन त्याची?

काही नाही. जाळ्याची दोरी म्हटलं मी.

तुमी बी काही कमी नाही भाऊ. पाह्यलंच तुमी. हो, बाकीचे भोई बिनादोरीचेच बुड्या मारतात. ते तिकडं दोघं हायेत न, त्यायले कुठी हाये दोरी? एकट्या हरीओमलेच हाये. लोक हासतात त्याले — बायकोनं दावणीले बांधला म्हणतात. हासू द्या. जरा जवळ सरका. मी हे या गावात कोणाले सांगतलं नाही, त्याच्या मायले बी नाही, अन् तुमाले सांगून राह्यली ते एवढ्यासाठी का तुमी उठून चूपचाप निघून जान, अन् गावात एक अक्षर बोलणार नाही. घ्या शपथ. माशाची घ्या, तुमचं पोट हाये त्याच्यावर. — त्याले मिरगी येते.

हं. आता पाहा कशी मान हालवून राह्यले.

लग्नाले वरीस बी नव्हतं झालं. असाच उन्हाळा, असंच पाणी. मी इथंच, पाटी घेऊन. तो ताफ्यावर बसून जाळं ओढत होता, अन् पाण्यावरचं ऊन असं थरथरत होतं का माह्याच डोळ्यापुढं काजवे आले. पाहतो तर हा ताठ झाला. लाकूड झालं त्याचं. मंग हातपाय झाडाले लागला, अन् ताफा हालाले लागला. मले पोहता येत नाही भाऊ. भोयाची बायको, अन् पोहता येत नाही, हासा तुमी बी. जाळ्याची दोरी काठाच्या खुंट्याले होती म्हणून — तीच धरली अन् ओढला. तळहाताची साल निघाली. तो अर्धा पाण्यात, अर्धा ताफ्यावर, तोंडाले फेस. त्या दिवशी मले समजलं का भेव काय असते. त्याच्या आधी मले वाटे का मले भेव माहीत हाये. मंग अकोल्याचा डॉक्टर पाह्यला, त्यानं म्हटलं पाण्यावरचं चिलकणारं ऊन याच्या डोळ्यात जाऊन डोक्यात शिरते. गोळ्या देल्या. मिरच्याच्या डब्यात ठेवतो मी त्या, तिकडं सासूचा हात जात नाही. मासेमारीच्या सोसायटीत समजलं असतं तर कोणी पाण्यात पाय ठेवू देला असता त्याले? झाकली मूठ सव्वा लाखाची. तवापासून ही दोरी हाये.

आता तुमीच सांगा, असा माणूस बोटीवर नेता? चहूकडं ऊन अन् पाणी, अन् हा बोटीच्या कडेले उभा. एक वक्त मिरगी आली, अन् गेला खाली. तुमाले कोणी इचारणार नाही. मलेच इचारतील सारे, अन् मी काय सांगू?

त्याले बी बरंच हाये हे. आधी कसा होता माहीत हाये? पायाले भिंगरी. लग्न झालं अन् महिन्यानं सुरतले गेला, सांगून नाही, इचारून नाही. फोन लावला तर बंद. मी पाण्याले गेली का बाया इचारत, कुठी हाये व नवरा? मी काय सांगू, मलेच माहीत नाही! आला तं हासत आला, जसा काही वावरातून आला. आता? आता रोज सकाऊन माह्यापुढं हात वर करून उभा राहते, लेकरावानी, अन् मी कमरेले गाठ मारतो. "धर बरं," म्हणते. धरतो म्हटलं. दिवसभर कुठी हाये, काय करून राह्यला, सारं माह्या हाताले समजते. खरं सांगू का — मले बरं वाटते. तो पाण्यात असते अन् माह्या हातात असते. जगात कोण्या बाईले एवढं भेटते? — नाही, तसं नाही म्हणत मी. मिरगी चांगली असं कुठी म्हटलं मी? देवानं वैऱ्याले देऊ नये ती. मी दोरीचं बोलून राह्यली.

मागची वक्त? कवा आली म्हणता? आली न. आताच — म्हणजे तुरी निघाल्या तवा... नाही, त्याच्या आधीच्या तुरी. त्याच्या आधीच्या असतील. तुमी डॉक्टर हाय का गोष्टी इचाराले? नाही आली म्हणजे गेली असं असते का? साप दिसला नाही म्हणून काय बिळात हात घालता? डॉक्टर म्हणतच राहते. त्याले काय, त्याच्या पंख्याखाली बसून बोलाचं — आता ठीक हाये, गोळ्या हळूहळू कमी करू, कामधंदा करू द्या म्हणे — डॉक्टरनं कवा तलाव पाह्यला? हरीओम तवा बाहेर स्टँडवर गाडी पाहाले गेला होता. मी म्हटलं, कायले सांगाचं त्याले. सांगतलं असतं तर दुसऱ्याच दिवशी — मी त्याले म्हटलं, डॉक्टर म्हणते जन्मभर असंच राहीन. त्याच्या जिवासाठीच म्हटलं न मी! तुमच्या बायकोनं नसतं म्हटलं?

— काय?

पुन्हा सांगा.

त्यानं सोतानं फोन केला तुमाले? तुमी नाही केला? अन् मिरगीचं... सांगतलं होतं? आधीच? मंग मघापासून मी बोलून राह्यली अन् तुमी मान हालवून राह्यले, ते सारं तुमाले माहीत होतं! मी तुमाले एवढी शपथ घ्याले लावली — घेतली बी तुमी! अन् फोनवर डॉक्टरचा कागद धाडला म्हणता. कोणता कागद? तो कवा गेला डॉक्टरकडे? माह्याबिगर तो कुठीच — रिसोडले जातो म्हणून गेला होता एक रोज. जाळ्याचा दोरा आणाले. दोरा आणला नाही, दुकान बंद होतं म्हणे. मी म्हटलं, भरबाजाराच्या दिवशी दुकान कसं बंद... पण इचारलं नाही. जेवाले वाढलं. म्हणजे तवापासून त्याले माहीत हाये का मी खोटं बोलली. माहीत असून रोज हात वर करून उभा राहते माह्यापुढं. "धर बरं" म्हणते. एका शब्दानं बोलला नाही मले. भांडला असता, चार शिव्या देल्या असत्या, तर मी बी —

काय म्हणला तो तुमाले? माह्याबद्दल? ... नका सांगू. राहू द्या.

तुमच्या बोटीवर स्वयंपाकाले माणूस पाहिजे, कडेले उभं राहा लागत नाही, रातदिवस दहा-बारा जण अवतीभवती राहतात. हो, आयकलं मी. तुमी चांगलं बोलून राह्यले भाऊ, तुमचं काही चुकलं नाही. मलेच... थांबा. थांबा जरा. बोलू नका.

झटका मघाशी आला न? येऊन राह्यले झटके. हे पाहा, आता आला — पण हा असा कसा? त्याचा झटका असा नसते. तो खालून देते, वजनानं देते. हा तं वरचा हाये, हालकाच. मी एवढी बोलत बसली... हरीओम! ए हरीओम! ओढा भाऊ, हात लावा, पाहता काय! ओढा! हालकी येऊन राह्यली — अशी हालकी काहून येते? माणसाचं वजन कुठी हाये? ताफाच येऊन राह्यला हा. गाठ ताफ्याले हाये! कमरेची सोडली अन् ताफ्याले बांधली. ही माही गाठ नाही, ही त्याची हाये, जाळ्याची गाठ. म्हणजे सकाळपासून — ऊन चिलकून राह्यलं हो पाण्यावर, ह्याच वक्ती येते त्याले ती! तिकडच्यायले हाका मारा! मले पोहता येत नाही, तुमी तरी उतरा, तुमी समुद्रावरचे हाय न! हरीओम!

कुठी? कुठी म्हणता?

... त्या भिंतीच्या गेटच्या पायऱ्यायवर.

हो. तोच हाये. जाळं हाये खांद्यावर, सारं सोडवून आणलं. एवढ्या लांब बुडीनंच गेला. हासून राह्यला पाहा. हात करून राह्यला.

मले नाही भाऊ. मी तं इकडं ताफ्यापाशी उभी हाये. तुमाले करून राह्यला. पाहा न, तुमी उभे राह्यले तिकडंच तोंड हाये त्याचं. तुमी बी करा हात. करा, नाहीतर त्याले वाटन पाह्यलं नाही म्हणून.

मी मघापासून ठीक हाये, ठीक हाये म्हणत होती, अन् त्या लाटा होत्या.

जा तुमी त्याच्यापाशी. भिंतीवरून सरळ रस्ता हाये. त्याले म्हणा, कपडे भरून ठेवतो मी. गोळ्या पिशवीत वरच ठेवतो, खाल्ल्या का नाही ते तुमी पाह्यत जा. दुपारच्या वक्ती त्याले पाण्याकडे पाहू देऊ नका — आयकणार नाही तो, तरी म्हणत जा. अन् मिरगी आलीच तर नाकाले कांदा-चप्पल लावू नका कोणी, कुशीवर वळवाचं अन् जवळ बसाचं, थांबते ती आपोआप. भेव वाटते, पण थांबते. बस. आणखी काही नाही.

माह्या तोंडाकडे काय पाहता? जा न भाऊ. वाट पाहून राह्यला तो.

जा म्हटलं न!