तीन सरकारांचं तळं

गंगापूरच्या बसची वाट बघून बघून करुणाचे पाय भरून आले होते. शेजारच्या बाकावर दोघांचं बोलणं चाललं होतं.

“मनकर्णामावशी, तुमच्या गावचं तळं झालं का?”

“कशाचं रं, सांडू! पहिलं सरकार म्हणलं, आम्ही बांधतो. नारळ फोडला, कोनशिला बसवली. ते पडलं. दुसरं म्हणलं, कंपनी बांधंल. पुन्हा नारळ, पुन्हा कोनशिला. तेबी पडलं.”

“अन् आताचं?”

“ते म्हणतंय, गावानंच श्रमदान करावं. त्याचीबी कोनशिला हायेच.”

“मग केलं का श्रमदान?”

“व्हय की. तिन्ही कोनशिला उपटल्या अन् नाल्यात आडव्या टाकल्या.”

“पाणी थांबलं?”

“गुडघाभर. अजून एक सरकार पडलं, की कंबरभर व्हईल बघ.”