मारोतीचं बेशुद्ध पडणं

मॉक ड्रिलचं नाव काढलं की आजबी मी आधी माणसं मोजतो, हसू नका. आमचा जिंतूर रोडचा बर्फ कारखाना. दरवर्षी अमोनिया गळतीची ड्रिल व्हायची, आन् बेशुद्ध पडायचं काम ठरलेलं मारोतीचं.

त्या दिवशी ड्रिल अकराला होती. भोंगा पावणेअकरालाच वाजला. बाबू आन् मी मास्क लावून स्ट्रेचर घेऊन पळालो. कॉम्प्रेसरपाशी गडी पालथा पडलेला.

तसाच पालथा स्ट्रेचरवर घेताना मी म्हणलं, "मारोत्या, लय जड झालास की रे!"

बाबू म्हणला, "नाटकबी भारी करायलाय. हात बघ कसा लोंबायलाय."

हसत हसत गेटवर आलो, तर समोर मारोती, हातात चहा.

"भोंगा कोनं वाजवला रे? मी अजून आडवाच झालो न्हाई."

स्ट्रेचरवरचा हात तसाच लोंबत होता.