शेवटच्या कडव्यातलं नाव

—बसा ना भाऊ, ती खुर्ची कोणाची नाही. हा थर्मास माहाच आहे, घेतो मांडीवर. पाणी आहे, गरम. कोणासाठी कायले, असंच — घसा जपा लागते माणसाले. तुम्ही मोताळ्याचेच? मंग या बाईचं गाणं पहिल्यांदाच आयकून राह्यले काय? मी वर्षभर आयकलं. मागच्या जयंतीपासून या जयंतीपर्यंत हिचा एक कार्यक्रम सोडला नाही — रोहिणखेडले गेलो, खामगावले गेलो, धम्मचक्राच्या दिवशी नांदुऱ्याले, तठी तर जनरेटरजवळ जागा भेटली, गाणं कमी अन् धूर जास्त, तरी बसलो. कौतुक म्हणून नाही, मी आपला ध्यान ठेवतो. गळ्याबद्दल काही म्हणणं नाही, महामायाचा गळा या तालुक्यात दुसरीले नाही — पण नुसता गळा म्हणजे गाणं नव्हे न भाऊ. लिहिते कोण, ते बी पाहा लागते.

तो पेटी वाजवून राह्यला न, केसं मागं सारलेला, तो गोकुळ. खामगावचा. आता सारे गाणे त्याचेच. तुम्ही आत्ता टाळ्या वाजवल्या — वाजवा, टाळ्याले कोण नाही म्हणते — पण शेवटच्या कडव्यात काय आलं ते ध्यानात आलं का? आपल्या गाण्यात रिवाजच आहे, शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येते, अन् गाणाऱ्यानं ते घ्या लागते. तर 'गोकुळ म्हणे' आलं. घ्या, नाव घ्या, पण एवढं लांबवाची काय गरज होती? 'गोऽऽकुळ'. ताल सुटला न तठी. तुमाले नसन समजला. मले समजला.

पहिले माहे गाणे म्हणे ती. हाव, मी बी लिहितो, प्रसेनजित नाव माहं. आयकलं नसन तुम्ही. कोठून आयकान, वर्षभरात ते नाव माईकवर घेतलंच नाही कोणी. 'प्रसेनजित सांगे, पोरीले शाळेत धाडा' — तिनं हे म्हटलं का बाया उठून उभ्या राहत. आता म्हणते, लोकाले नवीन चाली पाह्यजे, तुमचे गाणे जड होते. बरं, जड तर जड. खामगावले एकदा घेतलं माहं गाणं, मी खुर्चीच्या काठावर आलो — अन् शेवटचं कडवंच सोडून दिलं. वेळ नव्हता म्हणे. घरी आल्यावर इचारलं मी तिले—

हो, घरी. आता लपवून काय फायदा, बायको आहे माही. गाडीवर मीच आणतो, मीच घेऊन जातो. हे सुंठीचं पाणी बी तिचंच. पण स्टेजवर नाही बसत मी. त्या गोकुळच्या बाजूले बसू काय?

तुम्ही हसान, पण सांगतो. तुमची बायको तुमाले नावानं हाक मारते? नाही न. माही बी नाही. पोरगी कालेजात गेली आता, पण लग्नापासून आजपर्यंत मी 'आयकलं का'. आयकलं का, चहा ठेवला. आयकलं का, गॅस संपला. माह्या मायची बी तीच रीत, मले कधी काही वाटलं नाही. पण रोहिणखेडले माहं गाणं पहिल्यांदा तिनं माईकवर घेतलं, अन् शेवटच्या कडव्यात 'प्रसेनजित' म्हणे — साऱ्या गावासमोर, भोंग्यातून — मी मांडवाच्या मागं वायर धरून उभा होतो, अंगावर काटाच आला. त्याच्यासाठीच लिहीत गेलो मंग. गाणं समाजाचं, बाबासाहेबाचं, पण शेवटचं कडवं माहं. खरं सांगू? पहिले ते लिहो, अन् वरचं मागून. हे कोणाले सांगू नका. अन् आता तेच तोंड वर्षभर गावोगाव दुसऱ्याचं नाव घेत फिरून राह्यलं. जळते भाऊ, अठी जळते. त्यांच्यात काही नाही, मले माहीत आहे, तो गोकुळ तिले ताई म्हणते. तरी जळते. आज सकाळीच बोललो, एक तरी माहं घे, शेवटच्या कडव्यासकट. 'पाहू' म्हणे. हे पाहा, कार्यक्रम संपाले आला. घेतलं का? नाही घेतलं.

खोकला आला तिले. मी म्हटलंच होतं, धुळीत वरच्या पट्टीत नको गाऊ. गोकुळनं बाटली पुढं केली — थंड पाणी आहे ते, घेऊ नको, घेऊ नको. नाही घेतली. इकडं पाहून राह्यली. 'आयकलं का' म्हणते, माईकवरून. हाव, मलेच म्हणून राह्यली. नाही उठत. लोकं हसून राह्यले तर हसू द्या. पाणी पाह्यजे असन तर नाव घे म्हणा. तुम्ही कायले ढकलून राह्यले मले? हात काढा. मी काही तिचा—

काय म्हणे? तुम्ही बी आयकलं न? 'प्रसेनजित, पाणी आणा.' हेच म्हटलं न? कडवं नाही, चाल नाही — नुसतंच नाव. भोंग्यातून.

अन् तो गोकुळ कायले हसला? त्याले काय हसाचं आहे त्यात? सरका भाऊ, पाय घ्या तिकडं. आता बोलू नका माह्याशी, जाऊ द्या. पाणी निवून राह्यलं.